गाडीची खरी ताकद भाराखाली कळते



पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्रात गेल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पानिपत? म्हणजे तेच पानिपत?" आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच १७६१ साल उमटतं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. बाबांची नोकरी इथल्या रिफायनरीत, त्यामुळे माझं आणि दादाचं शिक्षण इथेच झालं. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आमच्या घरात थोडा जपूनच वापरला जातो, कारण आमच्यासाठी पानिपत म्हणजे घर. पण मागच्या वर्षी जूनमध्ये काळका ओलांडून शिमल्याचा घाट चढताना आईच्या तोंडून तो निघालाच. "झालं बाई गाडीचं पानिपत!"

आजचा लेख त्या दिवसाबद्दल आहे, आणि त्यानंतर मी पहिल्यांदाच पाहिलेल्या एका यंत्राबद्दल. त्याचं नाव डायनॅमोमीटर. गाडीवेडे लोक त्याला लाडाने 'डायनो' म्हणतात. तुमच्या घरात एखादा गाडीवेडा मुलगा, नवरा, भाऊ किंवा बहीण असेल, तर हा लेख त्यांना नक्की वाचायला द्या.

घाटात काय झालं?

दादाने एक सेकंड-हँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली होती. कंपनीच्या कागदावर ताकद १०५ पीएस. आमच्यासारख्या कुटुंबाला तेवढी पुष्कळ. पण मित्रांनी डोक्यात भरवलं, "रीमॅप करून घे." म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलायचं. एक मुलगा लॅपटॉप घेऊन एका मॉलच्या पार्किंगमध्ये आला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल लावली आणि चाळीस मिनिटांत काम संपवलं. "एकशे पाचची एकशे चाळीस झाली, भाई," असं सांगून, पैसे घेऊन तो गेला.

नॅशनल हायवे ४४ वर गाडी खरंच पळायला लागली. दादा खूश. दोन महिने सगळं छान चाललं.

मग शिमल्याचा बेत ठरला. गाडीत आई, बाबा, आत्या, दादा आणि मी. डिकी गच्च भरलेली, एसी चालू, बाहेर जूनचं ऊन. काळका साधारण ६५० मीटर उंचीवर आहे आणि शिमला दोन हजार मीटरच्या वर. म्हणजे रस्ता बराच वेळ नुसता चढतच राहतो. चढ सुरू झाल्यावर थोड्या वेळाने बोनेटमधून बारीक आवाज यायला लागला. कढईत फुटाणे उडावेत तसा, तडतड तडतड. बाबा म्हणाले, "अरे, कसला आवाज आहे हा?" दादाने गाण्याचा आवाज वाढवला.

पुढच्या पंधरा मिनिटांत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, गाडी थरथरायला लागली, मागे निळसर धूर दिसला आणि जोरच संपला. गाडी कशीबशी एका ढाब्याच्या कडेला लावली. टो ट्रक यायला तीन तास लागले. आईला ब्लड प्रेशरचा त्रास आहे, तिची गोळी सामानाच्या तळाशी होती. वळणावरून ट्रक अगदी अंगावर आल्यासारखे जात होते. दादा कोणाशीच बोलत नव्हता.

पानिपतला इंजिन उघडलं तेव्हा कळलं, एका पिस्टनवर रिंगांच्या मधली धातूची पातळ कड तुटली होती. दुरुस्तीचा खर्च माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा. जुन्या मेकॅनिककाकांनी तो तुटका पिस्टन दादाच्या हातात ठेवला आणि हिंदीतून एकच प्रश्न विचारला. "लॅपटॉपवाल्याने गाडीवर लोड देऊन बघितलं होतं का?"

दादाकडे उत्तर नव्हतं. मला तर प्रश्नच कळला नव्हता.

ताकद मोजायची कशी?

मी इंग्रजीत बीए केलंय, फिजिक्सशी माझं दहावीनंतर फारसं बोलणं नाही. म्हणून जे मला समजलं तेच सोपं करून सांगते.

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी ताकद लागते, ती एक पीएस. एक धडधाकट माणूस सेकंदाला एक मीटर या वेगाने सरळ वर उचलायचा, असं डोळ्यांसमोर आणा. गाडीच्या जाहिरातीत १०५ पीएस लिहिलं असेल तर अशी १०५ माणसं.

पण इंजिन काही वजन उचलत नाही, ते फिरतं. त्याच्या पिळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि मिनिटाला किती फेऱ्या झाल्या त्याला आरपीएम. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार करून ७०२३ ने भागलं की पीएस मिळतात. १७५ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला असेल तर उत्तर जवळपास १०० पीएस येतं. कॅल्क्युलेटरवर करून बघा.

आरपीएम मोजणं सोपं. टॉर्क मोजायचा तर मात्र फिरणाऱ्या वस्तूला कोणीतरी धरून ठेवावं लागतं. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी नावाच्या इंजिनिअरने १८२१ मध्ये हेच केलं. फिरणाऱ्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी आवळलं, त्या ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडली आणि दांडीच्या टोकाला वजन लावलं. दांडी आडवी ठेवायला किती वजन लागतं त्यावरून इंजिनाचा जोर कळला. आजही इंजिनाच्या ताकदीला 'ब्रेक हॉर्सपॉवर' म्हणतात, त्यातला ब्रेक हाच!

दोन डायनो, दोन स्वभाव

आजच्या डायनोवर अख्खी गाडीच चढवतात. तिची चाकं जमिनीत बसवलेल्या लोखंडी रोलरवर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधतात आणि जागच्या जागी पळवतात. यात मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार इनर्शिया डायनो. यात एक जड रोलर असतो, बाकी काही नाही. रोलरचं वजन आणि आकार माहीत असतो. गाडीने त्याला किती झपाट्याने वेग दिला, त्यावरून ताकद काढतात. एक फेरी काही सेकंदांत संपते. कागदावर छान चढता आलेख मिळतो, एक मोठा आकडा मिळतो, फोटो काढता येतो.

दुसरा प्रकार भार देणारा, म्हणजे लोड डायनो. यात रोलरला ब्रेक जोडलेला असतो आणि तो ब्रेक कॉम्प्युटर सांभाळतो. ट्यूनर म्हणाला "२२०० आरपीएमवर थांब," की तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, रोलर तेवढाच ब्रेक लावून गाडीला २२०० वरच धरून ठेवतो. गाडी पूर्ण जोर लावते आहे, पण वेग तसूभर वाढत नाही. सामान भरून चढ चढताना हीच अवस्था असते ना?

हा ब्रेक बऱ्याचदा एडी करंटवर चालतो. नाव अवघड असलं तरी गोष्ट आपण पाहिलेली आहे. जुन्या काळ्या वीज मीटरमध्ये एक ॲल्युमिनियमची चकती फिरायची, आठवतंय? ती चुंबकाच्या दोन टोकांमधून फिरायची. फिरत्या धातूत चुंबकामुळे वीज तयार होते आणि तीच चकतीला मागे ओढते. कुठे घासणं नाही, स्पर्श नाही, तरी ब्रेक लागतो. डायनोमध्ये चुंबकाच्या जागी तारेची वेटोळी असतात. त्यांतून जितका जास्त करंट सोडाल, तितका ब्रेक घट्ट.

आणि प्रोनीच्या दांडीवरचं वजन? त्याच्या जागी आता लोड सेल आहे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो, तोच प्रकार, फक्त दणकट.

फरक समजायला मला पिठाच्या गिरणीची आठवण झाली. गिरणी रिकामी चालते तेव्हा तिचा आवाज हलका असतो. वरून गहू पडायला लागले की आवाज जड होतो. पट्टा घसरतोय का, मोटार तापतेय का, हे दाणे पडत असतानाच कळतं. रिकामी गिरणी कितीही वेळ ऐकली तरी कळत नाही.

डायनोवरचा दिवस

इंजिन दुरुस्त झाल्यावर दादाने कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतलं. पण रीमॅपची हौस काही गेली नव्हती. बाबांनी अट घातली, "करायचंच तर लोड देऊन करून घे. आणि मी बरोबर येणार." मीही गेले, कारण मला लेख मिळणार होता!

दिल्लीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही पोचलो. गाडी रोलरवर चढली, चारही बाजूंनी पट्टे आवळले. समोर माणसाच्या उंचीचा पंखा, कारण गाडी जागेवर उभी असल्याने रेडिएटरला वारा मिळत नाही. सायलेन्सरमध्ये एक सेन्सर घातला, इंजिनात पेट्रोल आणि हवा कुठल्या प्रमाणात जळतात ते दाखवणारा. ट्यूनरने कानाला हेडफोन लावले. त्याची वायर इंजिनाला बसवलेल्या छोट्या मायक्रोफोनकडे जात होती. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं!

लॅपटॉपवर एक मोठा तक्ता दिसत होता, एक्सेल शीटसारखा. आडवे आरपीएम, उभा भार. प्रत्येक चौकटीत एक आकडा. पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, तो आकडा. दुसऱ्या तक्त्यात पेट्रोल, तिसऱ्यात टर्बोचा दाब.

ठिणगीची वेळ फोडणीसारखी असते. तेल पुरेसं तापायच्या आत मोहरी टाकली तर तडतडत नाही, उशीर झाला तर करपते. ठिणगी थोडी आधी पडली की ताकद वाढते. फार आधी पडली की पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा उरलेला भाग दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतो आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. घाटात ऐकू आलेली ती तडतड हीच होती.

ट्यूनर एकेक चौकट घेऊन बसला. १८०० आरपीएम, अर्धा भार. काही सेकंद धरलं, ऐकलं, सोडलं. १८००, पूर्ण भार. मग २०००. मग २२००. मध्येच तो थांबला, हेडफोन काढून दादाच्या कानाला लावले. दादाचा चेहराच उतरला. तीच तडतड. कमी आरपीएम, पूर्ण भार, टर्बोचा दाब चढलेला. अगदी घाटातली जागा.

"हायवेवर ही चौकट अर्ध्या सेकंदात निघून जाते," ट्यूनर म्हणाला. "चढावर गाडी इथेच मुक्काम करते."

मला तेव्हा सगळं उलगडलं. पार्किंगमधल्या मुलाने सॉफ्टवेअर टाकलं, दादाने ते सपाट हायवेवर पळवून बघितलं. दोन महिने इंजिन त्या धोक्याच्या चौकटीतून पळत पळत गेलं. घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन ते तिथेच अडकलं, आणि आत पिस्टन मार खात राहिला. गाडीच्या स्वतःच्या नॉक सेन्सरनेही ठिणगी मागे घ्यायचा प्रयत्न केला असणार, पण मूळ आकडेच इतके पुढे ढकललेले की त्याचा हात तोकडा पडला.

ट्यूनरने त्या भागातली ठिणगी दोन-तीन अंश मागे घेतली, टर्बोचा दाब थोडा उतरवला आणि पुन्हा धरून पाहिलं. आता हेडफोनमध्ये शांत. मग पुढची चौकट. हे काम चार तास चाललं. मध्ये मध्ये थांबावं लागायचं, कारण रोलरच्या ब्रेकमध्ये जाणारी सगळी ताकद उष्णताच होते. १०० पीएस म्हणजे सुमारे ७३ किलोवॅट. दोन किलोवॅटचे छत्तीस गीझर एकदम लावल्यासारखं! इंजिन आणि ब्रेक दोघांनाही दम घ्यावा लागतो.

शेवटी आकडा आला, चाकांवर ११२ पीएस. दादा हिरमुसला. "बस? एकशे बारा?"

ट्यूनरने सुरुवातीचा कागद दाखवला. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर हीच गाडी याच रोलरवर ८९ पीएस दाखवत होती. कारण कंपनी इंजिनाची ताकद सांगते, आणि इंजिनापासून चाकापर्यंत जाताना गिअर, बेअरिंग आणि टायरमध्ये काही ताकद खर्च होते. म्हणजे खरी वाढ २३ पीएसची, आणि तीही प्रत्येक चौकट तपासून मिळालेली. त्यातूनही थोडं जास्त काढता आलं असतं, पण ट्यूनरने ते मुद्दाम सोडलं. उन्हाळा, साधं पेट्रोल आणि पाच माणसं यांच्यासाठी राखून.

बाबांनी मात्र आकडा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "घाट चढेल ना?"

हे यंत्र तुमच्या ओळखीचंच आहे

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कोणी रेसिंग करत नाही, आम्हाला काय त्याचं? पण "किती देते?" हा प्रश्न तर आपण सगळेच विचारतो. गाडीच्या जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित मायलेज' लिहिलेलं असतं, तो आकडा लोड डायनोवरच निघतो.

एआरएआय ही संस्था पुण्यात, कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली स्थापन झालेली. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना ती चांगलीच माहीत असेल. तिथे गाडी रोलरवर चढवतात, आणि रस्त्यावर तिला वाऱ्याचा, टायरचा, स्वतःच्या वजनाचा जितका विरोध होतो, तितकाच विरोध रोलर देतो. ड्रायव्हर समोरच्या स्क्रीनवरच्या रेषेप्रमाणे वेग कमीजास्त करत राहतो. कारसाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली ही चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहून थोडी कमी. वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद. आता कळलं ना, आपल्या गाडीला जाहिरातीतलं मायलेज का मिळत नाही? आमच्याकडे हरियाणात अशाच चाचण्या मानेसरच्या आयकॅट या संस्थेत होतात.

रोलरवरचा निकालही डोळे मिटून मानायचा नसतो, हे जगाने २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर स्टिअरिंग हलतंय का, वेग कसा आहे, अशा खुणांवरून ओळखायचं की आपली चाचणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. रस्त्यावर आल्यावर वेगळंच. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्याही ३,२३,७०० गाड्या परत बोलवून दुरुस्त करण्याची घोषणा केली. म्हणून आता चाचणी रस्त्यावरही घेतली जाते. यंत्र आणि रस्ता, दोघांचं म्हणणं जुळलं तर खरं.

पैसे देण्याआधी हे विचारा

घरातलं कोणी रीमॅप करायला निघालं असेल तर भांडण करू नका, त्याचा काही उपयोग होत नाही (अनुभव आहे). त्यापेक्षा हे प्रश्न विचारायला सांगा.

१. डायनो आहे का, आणि असेल तर भार देऊन एका आरपीएमवर गाडी धरणारा आहे का?

२. बदल करण्याआधीचा आलेख दाखवणार का? आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख एकाच यंत्रावरचे हवेत. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत.

३. नॉकिंग, हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि तापमान मोजणार का? नुसता पीएसचा आकडा पुरेसा नाही.

४. तुम्ही रोज जे पेट्रोल भरता, त्यावरच ट्यून करणार का? जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलवर ट्यून केलेली गाडी घाटातल्या साध्या पंपावर अडचणीत येऊ शकते.

५. मूळ सॉफ्टवेअरची प्रत तुम्हाला परत मिळणार का?

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरणारे बदल करायला मनाई करतं. कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीची वॉरंटी हातची जाऊ शकते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी महागात पडू शकतो. हे सगळं आम्हाला पिस्टन तुटल्यावर कळलं.

पुन्हा तोच घाट

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा शिमल्याला निघालो. माणसं तीच, सामान तेवढंच, या वेळी आईची गोळी मात्र पर्समध्ये. काळका गेलं, चढ सुरू झाला आणि गाडीत सगळे एकदम गप्प झाले. जो तो इंजिनाचा आवाज ऐकत होता. दादाने गाणी बंदच ठेवली होती.

त्या ढाब्याच्या वळणावर आला तेव्हा त्याने वेग थोडा कमी केला, खालचा गिअर टाकला आणि म्हणाला, "बाबा, काही ऐकू येतंय?"

बाबांनी काच खाली केली, क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "काही नाही. चल."

मागून आई म्हणाली, "मग आता तरी गाणी लाव की रे!"

तुमच्या घरातल्या गाडीवेड्यांना माझा नमस्कार सांगा. भेटू पुढच्या लेखात!